कडीखालची जागा

डॉर्कस व्हिटलॉकने आपल्या पहिल्या नवऱ्याला ओळखलं ते लग्नानंतर सात वर्षांनी, आणि तेही बोटाने. नवरा जॉब, फिरता विक्रेता. सुयांपासून बायबलपर्यंत काहीही विकायचा आणि विकताना शपथ घ्यायचा. लग्नात त्याने तिच्या बोटात चांदीची अंगठी घातली होती. सोनं काय, कुणीही घालतं, चांदीला घराणं लागतं, असं तो म्हणायचा. पुढे त्यांच्या विंचबरी गावात लंडनहून कारागीर मंडळ आलं, त्यांना चांदीच्या भांड्यांना पॉलिश करायला बायका हव्या होत्या, डॉर्कस गेली. पहिल्याच आठवड्यात हात बसावा म्हणून तिने स्वतःचीच अंगठी तांबड्या पुडीने घासायला घेतली. चार वाजेपर्यंत चांदी उडाली आणि खालून पितळ वर आलं. जॉबला विचारलं, तर तो म्हणाला की दोष घासणाऱ्या हाताचा आहे. दुसऱ्या वर्षी तो छातीच्या दुखण्याने गेला. दफनाच्या वेळी पाद्रीसाहेब त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलले तेव्हा सगळ्या गावाने माना डोलावल्या, एक डॉर्कस सोडून.

तेव्हापासून तिचा माणसांवरचा विश्वास उडाला आणि स्वतःच्या अंगठ्यावरचा बसला. लोण्याच्या तुकड्यापासून शेजारणीच्या नव्या पडद्यापर्यंत जे हाताशी येईल ते ती अंगठ्याखालून घालायची आणि मगच त्यावर मत द्यायची. माणसांना अंगठा लावता येत नाही, ही तिची तक्रार होती.

म्हणून एनक गारसाइडने सोमवारी संध्याकाळी, थंड मटण संपून चहा यायच्या मधल्या वेळात, सुरी खाली ठेवून तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती लाजली वगैरे नाही. तिने विचारलं, "का?"

एनक तिचा भाडेकरू. मूळचा बर्मिंगहॅमचा, मंडळात चांदीची भांडी घडवायचा, वय अठ्ठेचाळीस. गेले चौदा महिने तिच्या माडीवरच्या मागच्या खोलीत राहत होता. त्याने जरा विचार केला आणि सांगितलं की तुमच्या घरात दारं आपटत नाहीत. एवढंच. उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं, कारण रविवारी चर्चमध्ये लग्न ठरल्याची नावं पुकारायची तर पाद्रीसाहेबांना आदल्या दिवशी कळवावं लागतं.

एनक वर गेल्यावर डॉर्कसने बियाणेवाल्याचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, उलटं केलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 'हो', उजवीकडे 'नाही'.

डावी बाजू भराभर भरली. दारू पीत नाही. बूट पुसून आत येतो. अंगणातला पंप दुरुस्त केला, आणि केल्याचं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. समोरचं बोलत असेल तर वाक्य संपेपर्यंत थांबतो. हा गुण तिने पुरुषात पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे तो डावीकडे लिहावा की उजवीकडे यावर ती थोडी घुटमळली.

उजवीकडे तीनच ओळी झाल्या, पण तिन्ही वजनदार.

पहिली, भेट. राहायला आला त्या दुसऱ्याच महिन्यात त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भांडं तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. हे घरात असू द्या, म्हणाला. उथळ, गोल, तुळतुळीत वाडगं. डॉर्कसने ते पालथं घालून पाहिलं: चांदीवर असतो तो सिंहाचा छाप नाही. अंगावर हातोडीचा एक ठोका नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत लेथवर पत्रा दाबून असली वाडगी ढिगाने काढतात आणि वरून चांदीचं पाणी देतात, हे मंडळात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. डॉर्कसला जॉब आठवला. तिने आभार मानले आणि वाडगं कोंबड्यांच्या बार्लीच्या पिंपात टाकलं. माप छान बसायचं. रोज सकाळी दोन वाडगी. एनक वर खिडकीत दाढी करता करता बघायचा, पण कधी काही बोलला नाही. ओशाळला असेल, असं तिने धरलं.

दुसरी ओळ, खोका. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी मालाची गाडी हाकणारा बर्मिंगहॅमहून एनकच्या नावाचा लाकडी खोका आणायचा आणि तसलाच एक परत न्यायचा. लहानसा, पण उचलताना खांदा वाकवणारा, चारी बाजूंनी खिळे ठोकलेला, हलवला तर आत धातूवर धातू वाजणारा. एनक तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. भावाकडून आलाय, एवढंच सांगायचा. पंधरा दिवसांनी एकदा खोकाभर धातू पाठवणारा भाऊ डॉर्कसने तरी पाहिला नव्हता.

तिसरी ओळ, पाठ. मंडळाचं वर्कशॉप जुन्या रेशीम गिरणीत होतं. तिथे सगळ्यांची टेबलं खिडकीकडे तोंड करून, हसतखिदळत, एकमेकांच्या कामात नाक खुपसत. एनकने मात्र आल्या आल्या आपलं टेबल भिंतीकडे वळवून घेतलं होतं. चौदा महिन्यांत त्याच्या हाताखाली काय होतं ते कुणी धड पाहिलं नव्हतं. दिसायची ती पाठ.

आता हे नुसते संशय झाले. गावात प्रत्येकाचे प्रत्येकाबद्दल असतात. पण बुधवारी पुरावा स्वतःच्या पायांनी, किंवा खरं तर कुत्र्याच्या तोंडातून, चालत आला.

एनकने घडवलेलं एक भांडं एका कर्नलसाहेबांच्या घरी गेलं होतं. खीर-लापशीचं, एका बाजूला वाकडी लांब कडी आणि कडीच्या टोकाला हिरवा खडा, मंडळाची सगळ्यात खपणारी वस्तू. कर्नलसाहेबांच्या कुत्र्याने ते कडीला धरून बागेत नेलं आणि कडी उपटली. भांडं दुरुस्तीला आलं. नवी कडी झाळून जोडण्याआधी भांडं स्वच्छ करायचं, म्हणून डॉर्कसच्या हाताखालच्या लॉटीने ते तिच्यापुढे आणून ठेवलं.

कडीचं बूड पानाच्या आकाराचं होतं आणि जोडाचं झाळण फक्त त्या पानाच्या कडेने धरलेलं होतं. मधली जागा, साधारण अंगठ्याएवढी, आतापर्यंत झाकलेली. डॉर्कसने सवयीप्रमाणे अंगठा फिरवला आणि तो घसरला. तिने तांबडी पूड लावून दोन हात मारले. त्या जागेत तिला स्वतःचा डोळा दिसला, पापण्यांसकट.

बाकी सगळं भांडं मंडळाच्या रिवाजाप्रमाणे ठोक्याठोक्यांचं होतं, माशाच्या खवल्यांसारखं. कडीखाली मात्र आरसा.

या ठोक्यांना मंडळात काय मान होता ते सांगायला हवं. मंडळाचे प्रमुख मिस्टर लाइल हे लंडनचे वास्तुविशारद, घरचे श्रीमंत, मनाचे चांगले आणि बोलायला बसले की घड्याळ विसरणारे. त्यांचं म्हणणं असं की यंत्र माणसाला खोटं बोलायला शिकवतं, आणि त्या खोट्याचं नाव गुळगुळीतपणा. हातोडीचा ठोका ही कारागिराची सही. ती पुसणारा आपलं नाव लपवतो. त्यामुळे मंडळाच्या ताटवाटीवर, चमच्यावर, मिठाच्या डबीवर, सगळीकडे मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, दिसायची, आणि लंडनच्या बायका त्या मठारीवर हातमोजा फिरवून सुखावायच्या. बर्मिंगहॅमचे कारखानदारही काही झोपलेले नव्हते. ते लेथवर काढलेल्या वाडग्यावर मागाहून ठोके मारायचे आणि हस्तकला म्हणून विकायचे. मिस्टर लाइल त्यांच्याबद्दल बोलताना जेवण सोडायचे.

डॉर्कसने हिशेब मांडला. पत्र्यापासून भांडं हातोडीने उठवताना पडलेले ठोके असते तर ते सगळीकडे असते. कडी पुढे कुठे बसणार हे हातोडीला काय माहीत. म्हणजे भांडं आधी गुळगुळीत तयार होतं, ठोके मागाहून आले, आणि जिथे कुणी बघणार नाही तिथे मारायचे श्रम वाचवले. गुळगुळीत भांडी कुठून येतात? खोक्यातून. खोका कुठून येतो? तिने रेघ ओढून बेरीज केली. बेरीज चुकायला जागाच नव्हती.

तरी तिने अंगठा काठाला लावला. ही तिची खोड.

काठ जाड होता. तिने पुन्हा पाहिलं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सगळा फेर घेतला. जाड. लेथवर ताणलेला पत्रा काठाकडे पातळ होत जातो. हातोडीने उठवलेल्या भांड्याची चांदी मात्र हळूहळू सरकत वर गोळा होते आणि काठ भरतो. ही गोष्ट खोटी करता येत नाही. म्हणजे भांडं हाताने केलेलं होतं, आणि वर हाताने केल्याचं सोंगही होतं.

सरळ खोटं तिने सात वर्षं सांभाळलं होतं. त्याची रीत तिला पाठ होती. पण खऱ्यावर खऱ्याचंच सोंग चढवणारा माणूस म्हणजे कुठली जात? साधा चोर परवडला, त्याला निदान काय हवंय ते कळतं.

गुरुवारी मिस्टर लाइल दोन पाहुण्या बायकांना घेऊन वर्कशॉप दाखवायला आले. एनकच्या टेबलाशी थांबून त्यांनी त्याचं ताजं भांडं उचललं आणि याला म्हणतात निर्भय हात, वगैरे सुरू केलं. एका बाईने हातमोजा काढून ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले. डॉर्कस दारात पॉलिशची टोपली घेऊन उभी होती. ती भांड्याकडे नाही, एनककडे बघत होती. तो जमिनीकडे बघत होता. स्वतःच्या पोराचं कौतुक चाललंय, पण भलत्याच गोष्टीचं, असा बापाचा चेहरा होतो तसा. निदान तिला तसा वाटला. मग तिने स्वतःला बजावलं की पकडला जाणारा माणूसही असाच खाली बघतो.

दुपारी तिच्या टेबलाशी अमोस प्रॅटली आला. प्रॅटली नक्षीकाम करायचा आणि या वर्षी कारागिरांनी निवडून दिलेला मुकादम होता. हाताचा पक्का, जिभेचा तिखट. एनक यायच्या आधी मिस्टर लाइल पाहुण्यांना त्याच्या टेबलाशी थांबवायचे. त्याला कडीविना भांडं दिसलं. त्याने उचललं, कडीखालच्या जागेत बघितलं आणि शीळ घातली.

"हे तुम्ही कधी पाहिलंत, बाई?"

"काल."

"आणि बोलला नाहीत. बरोबर आहे. घरचा माणूस." त्याने भांडं खाली ठेवलं. "शनिवारी बैठकीत मी हे मांडणार. बाहेरचा माल आत आणणाऱ्याला मंडळात जागा नाही, नियम त्यानेही सही करून मान्य केलाय. तुम्हाला उभं करणार. अंगठा तुमचा, गावात सगळे मानतात. खरं काय ते सांगायचं."

"खरं काय आहे ते मला कळलं तर सांगीन."

"कळायचं काय राहिलंय? का लग्नाचा घास घशात अडकलाय?"

लॉटी घासता घासता थांबली. डॉर्कसने तिच्याकडे पाहिलं तशी पुन्हा घासायला लागली. लग्नाची गोष्ट डॉर्कसने कुणाला सांगितली नव्हती. म्हणजे एनकनेही सांगितली नसणार, कारण तो कुणाशी बोलतच नसे. नावं पुकारायची चौकशी त्याने पाद्रीसाहेबांकडे केली असेल, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकिणीचं काम असणार. हे तिने मनातल्या मनात एका वेगळ्याच कॅलेंडरवर टिपून ठेवलं.

आता तिच्यापुढे दोन उत्तरं होती आणि दोन्ही शनिवारी द्यायची होती. दुपारी बैठकीत, आणि संध्याकाळी घरात. दुपारी जे उत्तर निघेल त्याच्या उलट संध्याकाळी देता येणार नाही, एवढं तिला दिसत होतं.

शुक्रवारी कामावरून येताना तिने ते भांडं टोपलीत घालून घरी आणलं. नियमाविरुद्ध होतं, पण नियम मोडणाऱ्यांचा आठवडाच चालू होता. एनक चहाला बसला, पाव आणि लोणच्यातले कांदे पुढे आले, आणि तिने कांद्यांच्या शेजारी भांडं ठेवलं, कडीखालची जागा त्याच्याकडे करून.

त्याने हातातला पाव खाली ठेवला.

"प्रॅटलीने पाहिलं?"

"पाहिलं. उद्या बैठकीत आणतोय. ठोके मागाहून मारलेत तुम्ही."

"हो."

"भांडं हाताने उठवलंय."

त्याने मान वर केली. "हे कशावरून?"

"काठावरून. मला शिकवू नका, विचारते त्याचं उत्तर द्या. खोक्यात काय येतं?"

एनक उठला, वर गेला. जिन्यावर त्याची जड पावलं वर गेली, खाली आली. खोका त्याने टेबलावर ठेवला, पक्कडीने खिळे उपसले, तेलकट फ्लॅनेलचे थर बाजूला केले. आत हातोड्यांची तोंडं होती, दांडे नसलेली, आठ. त्याने एक उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. थंड, जड, आणि तोंडाला आरसा. त्यात स्वयंपाकघराची खिडकी होती, खिडकीत गोठ्याचं छप्पर होतं.

"माझा भाऊ हीच कामं करतो," एनक म्हणाला. "त्याच्यासारखी घासणारा दुसरा नाही. पंधरा दिवस ठोकून तोंडाची चकाकी गेली की मी पाठवतो, तो घासून धाडतो. या तोंडाने वरून मठारत गेलं तर आधीचे ठोके मोडतात आणि नवा उमटत नाही."

"ठोका उमटू नये म्हणून भावाकडून हातोड्या घासून आणायच्या, आणि मग वरून ठोके मारायचे?"

"हो."

"त्यापेक्षा भांडं उठवताना पडलेले ठोकेच ठेवावेत की. बाकीचे ठेवतात."

"बाकीचे काम अर्ध्यात टाकून उठतात," तो म्हणाला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या आवाजाला धार आली. "मी नवव्या वर्षी कामाला लागलो, मिसेस व्हिटलॉक. आमच्या वर्कशॉपात भांड्यावर एक ठोका दिसला तर उस्ताद सगळ्यांसमोर उचलून धरायचा. देवी आल्या वाटतं याच्या पोराला, म्हणायचा. ठोका म्हणजे काम राहिलं. मला ते राहू देता येत नाही. मी ते पुरं करतो. मग डोळे मिटून देवी काढतो, साहेबांना हव्यात म्हणून."

"आणि कडीखाली?"

"तिथे कुणी बघत नाही. तेवढी जागा मी माझी ठेवतो. प्रत्येक भांड्यात."

डॉर्कसने हातोडीचं तोंड टेबलावर ठेवलं. तिला हे सगळं पटत होतं आणि त्यामुळेच ती जास्त सावध झाली. जॉबही पटायचा.

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"सांगायला काय, दाखवलंच होतं. पहिलं भांडं मी जसं करतो तसंच करून नेलं. त्यांनी हातात घेतलं, उजेडात धरलं. यात जीव नाही म्हणाले, बर्मिंगहॅमचा वास येतो. मंडळाच्या नावावर सिंहाच्या छापाला पाठवणार नाही म्हणाले. चांदीचे पैसे मी पगारातून फेडले आणि ते घरी आणलं."

"कुठे आहे ते?"

त्याची नजर मागच्या दाराकडे गेली, दाराशेजारच्या पिंपावर थांबली.

"रोज सकाळी दोनदा भरता तुम्ही," तो म्हणाला.

डॉर्कस उठली. पिंपाचं झाकण उघडलं, बार्लीत हात घातला आणि वाडगं वर काढलं. वर्षभर पिंपाच्या पत्र्यावर घासून त्याच्या पोटावर ओरखड्यांचं जाळं झालं होतं, आणि आत कोंड्याची पिवळी रेघ. तिने अंगठा आणि तर्जनीची चिमटी काठाला लावली, सगळा फेर घेतला. पालथं घातलं. बुडाच्या मधोमध, कंपासाचं टोक टेकवतात तिथे, सुईच्या अग्राएवढा ठिपका होता. घडवणारा हातोडीची वर्तुळं आखायला तिथूनच सुरुवात करतो. त्या दिवशी ती सिंह शोधत होती, ठिपका बघितलाच नव्हता. ठोके नाहीत म्हणजे हात नाही, हे तिने मिस्टर लाइल यांच्याकडून ऐकलं होतं आणि आपल्या अंगठ्याला विचारायचं विसरली होती. गावातला सगळ्यात शहाणा अंगठा, आणि त्याने वर्षभर चांदीने बार्ली मोजली.

"तोंड उघडायचं होतं," ती म्हणाली.

"माप बरोबर बसत होतं तुमचं."

तिने चहा ओतला, आणि वाडगं घेऊन पंपाकडे गेली.

शनिवारी बारा वाजता गिरणीच्या मोठ्या खोलीत बैठक भरली. पुरुष बाकांवर, पॉलिशच्या बायका मागे भिंतीशी, मिस्टर लाइल खुर्चीत. प्रॅटलीने भांडं सगळ्यांपुढे फिरवलं, कडीखालची जागा दाखवली, आरोप मांडला. मिस्टर लाइल यांचा चेहरा उतरला. त्यांनी एनकला विचारलं, एनकने भांडं आपणच घडवलं एवढंच सांगितलं आणि गप्प बसला. पहिल्या भांड्याबद्दल एक अक्षर नाही. त्याबद्दल बोलायचं तर साहेबांना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडावं लागलं असतं. आणि प्रमुख तोंडघशी पडले की मंडळाची घडी बसत नाही, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं.

प्रॅटलीने डॉर्कसला उभं केलं. तिने टोपलीतून वाडगं काढलं. रात्री नव्हे, त्या सकाळी उजेडात तिने ते घासलं होतं. खोलीतल्या खिडक्या सगळ्या त्यात आल्या.

"आधी मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "साहेब, हे कसं वाटतं तुम्हाला?"

मिस्टर लाइल यांनी वाडगं हातभर लांब धरलं. आपण पूर्वी ते धरलंय अशी ओळखीची सुरकुतीही त्यांच्या कपाळावर उमटली नाही. "हेच," ते दुःखाने म्हणाले, "याच्याविरुद्ध तर आपण सगळे इथे आलो. यात माणूस कुठे आहे? धन्यवाद, मिसेस व्हिटलॉक, फरक दाखवलात ते फार बरं केलंत. प्रॅटली, सगळ्यांना बघू द्या."

प्रॅटलीने ते घेतलं, बाकाकडे वळला, यंत्राच्या मालाबद्दल काही तिखट बोलणार होता. त्याचा अंगठा काठावर होता. तो बोलायचा थांबला. त्याने चिमटी केली, काठाचा फेर घेतला, वाडगं पालथं केलं, डोळ्यांशी नेऊन तो ठिपका बघितला. मग ते शेजारच्याला दिलं.

वाडगं बाकावरून सरकत गेलं. प्रत्येकाने तेच केलं: काठ, मग बूड. लंडनहून आलेला म्हातारा टोबायस याने ते तोंडाशी नेऊन त्यावर श्वास सोडला, वाफ कशी समान चढते आणि समान उतरते ते पाहिलं, आणि टोपी काढली. टोपी का काढली ते त्यालाच कळलं नसावं, कारण लगेच पुन्हा घातली. कुणी एनककडे पाहिलं नाही. कुणी साहेबांकडेही पाहिलं नाही. खोलीत एक मिस्टर लाइलच असे होते ज्यांना ही शांतता आपल्या बोलण्याची वाटली.

"कुणाचं आहे हे?" प्रॅटलीने विचारलं.

"माझ्या कोंबड्यांचं," डॉर्कस म्हणाली.

प्रॅटलीने कडी तुटलेलं भांडं उचललं, त्याचाही काठ चिमटीत धरला. हे त्याने गुरुवारी करायला हवं होतं, आणि ते त्याला आता कळलं. मग त्याने साहेबांना सांगितलं की चूक त्याची. कडीचं पान नीट बसावं म्हणून तेवढी जागा सपाट करून घेतलेली दिसते, बर्मिंगहॅमची पद्धत असेल, पण भांडं हाताचं आहे, शंका नाही. आरोप मागे. मिस्टर लाइल यांना एवढा आनंद झाला की त्यांनी प्रामाणिक हाताबद्दल वीस मिनिटं सांगितलं आणि कुणाचंही जेवण वेळेवर झालं नाही.

दारात प्रॅटलीने तिला गाठलं. "बार्ली टिनाच्या मगानेही मोजता येते, बाई," तो म्हणाला. "माझ्याकडे एक जास्तीचा आहे. पाठवून देतो." सोमवारी त्याने खरंच पाठवला.

घरी येऊन डॉर्कसने कॅलेंडर काढलं. खोका उजवीकडून खोडून डावीकडे नेला. पाठ तशीच नेली. भेट खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मग तिने एक नवी ओळ लिहायला घेतली: वर्षभर बघितलं आणि बोलला नाही. ही कुठे घालायची? एवढा संयम असलेला माणूस घरात बरा. पण एवढं पोटात ठेवू शकणारा माणूस आणखी काय काय ठेवत असेल? तिने ती ओळ मधल्या रेघेवरच लिहिली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

सहाला एनक खाली आला. त्याने तिला विचारलं नाही. चहा झाल्यावर कोटाच्या खिशातून एक अंगठी काढून कांद्यांच्या बशीशेजारी ठेवली. चांदीची, साधी, एकही ठोका नसलेली.

डॉर्कसने ती पालथी केली. आत सिंह होता. सिंह तिने जन्मभर पाहिले होते. तेही खोटे करणारे असतात. तिने खणातून कातड्याची पट्टी आणि तांबडी पूड काढली, अंगठी खुंटीवर अडकवली आणि घासायला बसली.

एनक पाइपमध्ये तंबाखू भरत बघत राहिला. घड्याळात साडेसहा झाले, सात झाले. अंगठी होती तशीच होती, जरा जास्त लखलखीत.

"जाडी पूड घ्या," तो म्हणाला. "बारीकने वेळ लागेल. पाद्रीसाहेब आठला जेवायला बसतात."

तिने जाडी पूड घेतली आणि साडेसातपर्यंत घासली. मग हात धुतले, टोपी घातली, टोपीला पिन लावली आणि त्याला उठायला सांगितलं, पाद्रीसाहेबांचं जेवण थंड व्हायला नको म्हणून. अंगठी मात्र तिने बोटात घातली नाही. ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. उद्या सकाळी उजेडात तिला एकदा परत बघायची होती.